पाच फुटांची मुलगी, शंभर मीटर आणि शेली-ॲन

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पंधरा वर्षांची, नववीत, उंची पाच फूट. जिल्हा शालेय स्पर्धेत शंभर मीटरला १३.३, तेही हाताच्या घड्याळावर. शाळेतले सर म्हणतात, उंची नाही, स्प्रिंट सोडा, १५०० मीटरकडे वळवा. वडिलांचं म्हणणं, जमैकाची शेली-ॲन फ्रेझर-प्राइसही पाच फुटांचीच आहे, आणि तिचं आयुष्यातलं सर्वोत्तम टायमिंग चौतिसाव्या वर्षी आलं. मग तिच्यासारखं ट्रेनिंग दिलं तर? आणि मुलीला आत्ता स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले धावायचे बूट, घ्यावेत का?

सरांचं चुकतंय, हे आधीच सांगून टाकते. पण तुमचंही थोडं चुकतंय. शेली-ॲनकडे बघून सगळ्यांना दोनच गोष्टी दिसतात: उंची आणि गरिबी. मी शंभर-दोनशे धावायचे, आता बावीस वर्षं मुलींना शिकवते, आणि मला तिच्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त दिसतं ते हे, की विसाव्या वर्षापर्यंत तिला कुणी पिळून काढलेलं नव्हतं. उरलेलं सगळं त्यावर उभं आहे.

आधी उंचीचा विषय मिटवू. वेग म्हणजे एका पावलाची लांबी गुणिले सेकंदाला किती पावलं. उसेन बोल्ट शंभर मीटरला ४१ पावलं घ्यायचा, शेली-ॲनला साधारण पन्नास लागतात. म्हणजे तिचं सरासरी पाऊल दोन मीटरचं. स्वतःची उंची १.५२ मीटर आणि पाऊल दोन मीटरचं, हे जरा अंगणात चुन्याने खुणा करून बघा, मग कळेल ‘बुटकी आहे म्हणून पाऊल छोटं’ हे बोलणं किती वरवरचं आहे. पाऊल पायाच्या लांबीने वाढत नाही, जमिनीला किती जोरात आणि किती कमी वेळात ढकललं यावर वाढतं. पूर्ण वेगात असताना चांगल्या धावपटूचा पाय जमिनीला सेकंदाचा दहावा भागही टेकत नाही. तेवढ्या वेळात जी जास्त ताकद लावेल ती पुढे. कमी उंचीचा उलट एक फायदा असतो: आखूड पाय लवकर फिरतो, त्यामुळे ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून, निघाल्यावर पहिल्या वीस-तीस मीटरमध्ये अशा मुली उंच मुलींना मागे टाकतात. तुमच्या मुलीची शर्यत कुणी मोबाइलवर काढली असेल तर बघा. मला खात्री आहे की ती तीस मीटरपर्यंत पुढे असेल आणि सत्तरच्या आसपास मागे पडली असेल. तसं असेल तर तो उंचीचा दोष नाही, तिला अजून कुणी पुढचे चाळीस मीटर शिकवलेले नाहीत.

आता शेली-ॲन.

किंग्स्टनमधल्या वॉटरहाउस वस्तीत ती वाढली. गोळीबार, टोळ्या, एका खोलीत सगळं घर. आई मॅक्सिन रस्त्यावर माल विकून तीन मुलं वाढवत होती, आणि तरुणपणी स्वतः धावलेली होती. हे सगळं तुम्ही वाचलं असेलच. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते तिच्या भोवतीचं वातावरण. जमैकाची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत. पण तिथे १९१० पासून शाळांची ‘चॅम्प्स’ नावाची स्पर्धा चालते, ईस्टरच्या आधी नॅशनल स्टेडियम खचाखच भरतं, शाळेचे माजी विद्यार्थी ढोल-बिगुल घेऊन येतात. आपल्याकडे शालेय जिल्हा स्पर्धेला मुलींचे आई-वडीलसुद्धा नसतात आणि निकालाचा कागद चहाच्या कपाखाली सापडतो, त्याच्याशी तुलना करू नका, त्रास होतो. शिवाय १९८० पासून तिथे जी. सी. फॉस्टर कॉलेज आहे, शाळांना लागणारे प्रशिक्षक तिथे तयार होतात. वेग रक्तात असतो म्हणणाऱ्यांना मी हे कॉलेज दाखवते.

शेली-ॲन वुल्मर्स मुलींच्या शाळेत होती. चांगली होती, पण तिच्या वयाच्या मुलींमध्ये तिच्याहून मोठी नावं होती. तिथून ती युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत गेली आणि स्टीफन फ्रान्सिस यांच्या एमव्हीपी क्लबात आली. हा माणूस समजून घ्या. पूर्वी जमैकाचा चांगला धावपटू शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेच्या कॉलेजात जायचा. फ्रान्सिसनी सांगितलं की इथेच राहा, इथेच बनू. आणि त्यांनी बहुतेक वेळा शाळेत चमकलेली पोरं घेतलीच नाहीत. असाफा पॉवेल शाळेत कुणाच्या खिजगणतीत नव्हता. सराव कुठे, तर गवताच्या मैदानावर, आणि लेनच्या रेषा डिझेल टाकून गवत जाळून काढलेल्या. आपण फक्कीने आखतो तशाच, फक्त पाऊस पडला तरी न जाणाऱ्या. सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून रडणाऱ्या पालकांना मी एवढंच सांगते आणि पुढे बोलत नाही. गवत पायांना जपतं, नडगी दुखत नाही, हा तर निव्वळ फायदा.

२००७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तिचं सर्वोत्तम टायमिंग ११.३१ होतं. हा आकडा लक्षात ठेवा. ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत ती फक्त रिलेसाठी, तीही प्राथमिक फेरीपुरती. तुलनेसाठी, द्युती चंदने २०२१ मध्ये पतियाळात ११.१७ चा राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे विसाव्या वर्षीची शेली-ॲन आजच्या भारतीय विक्रमाच्याही मागे होती. आणि पुढच्या वर्षी, २००८ च्या जमैकन निवड चाचणीत, १०.८५. दुसरा क्रमांक.

इथे एक गंमत झाली. गंमत आता म्हणायची, तेव्हा तिच्यासाठी नव्हती. केरन स्ट्युअर्ट १०.८० पहिली, शेली-ॲन दुसरी, शेरॉन सिम्पसन तिसरी, आणि चौथी वेरोनिका कॅम्पबेल-ब्राउन, जी त्या वेळी शंभर मीटरची जगज्जेती होती. लोकांनी उघड मागणी केली की या नवख्या पोरीला बसवा आणि वेरोनिकाला बीजिंगला पाठवा. निवड नियमाने झाली होती म्हणून ती टिकली. बीजिंगची फायनल जमलं तर बघाच: दातांना तारा लावलेली एकवीस वर्षांची मुलगी १०.७८ मध्ये रेष ओलांडते आणि लहान मूल खाऊ मिळाल्यावर उड्या मारतं तशी उड्या मारत राहते. मागे सिम्पसन आणि स्ट्युअर्ट दोघी १०.९८, दोघींना रौप्य, कांस्य कुणालाच नाही. मर्लीन ऑटीसारखी महान धावपटू नऊ ऑलिम्पिक पदकं घेऊन गेली, पण सुवर्ण एकही नाही. जमैकाच्या बाईला शंभर मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण पहिल्यांदा मिळालं ते जिला बसवा म्हणत होते तिलाच.

तुमच्या जिल्ह्यात निवड चाचणीत काय चालतं ते मला माहीत आहे, त्यावर मी इथे लिहिणार नाही. फक्त चाचणीच्या निकालाचा फोटो काढून ठेवत जा.

२००९ ची बर्लिनच्या जागतिक स्पर्धेची फायनल मी माझ्या मुलींना नेहमी दाखवते, पण आवाज बंद करून आणि अर्ध्या वेगाने. शेली-ॲन १०.७३, स्ट्युअर्ट १०.७५. बंदूक वाजल्यावर शेली-ॲन जणू दुसऱ्या शर्यतीतच असते. डोकं खाली, पाठ आणि मागचा पाय एका सरळ रेषेत, पहिली सात-आठ पावलं गुडघा पुढे आणि टाच मागे वर न जाता जमिनीलगत. तीस मीटरला ती एक मीटरभर पुढे आहे. मग हळूहळू उंच स्ट्युअर्ट जवळ येत जाते, जवळ येत जाते, आणि रेषेवर दोन शतांशांचं अंतर उरतं. त्या वेगात एक शतांश म्हणजे अर्धी वीत. एक वीत अंतराने जगज्जेतेपद. त्या काळातली शेली-ॲन अशीच जिंकायची: सुरुवातीला कमावलेलं शेवटपर्यंत पुरवून पुरवून.

तेव्हा माझ्यासह सगळ्या प्रशिक्षकांचं मत होतं की ही स्टार्टची राणी, बस. स्टार्ट गेली की ही गेली.

मधली वर्षं भराभर सांगते. २०१२ लंडन, १०.७५, सलग दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण. हे तिच्या आधी वायोमिया टायस आणि गेल डीव्हर्स या दोघींनाच जमलं होतं. २०१३ मॉस्कोची जागतिक स्पर्धा, शंभर, दोनशे आणि रिले तिन्ही सुवर्णं. २०१५ बीजिंग, हिरवे केस आणि त्यात सूर्यफुलं, १०.७६, शंभर मीटरचं तिसरं जगज्जेतेपद. २०१६ रिओ, पायाच्या अंगठ्याची दुखापत आणि तरी कांस्य. अंगठा म्हणजे किरकोळ गोष्ट वाटेल. ब्लॉकमध्ये ‘सेट’ म्हटल्यावर शरीराचा सगळा भार ज्या सांध्यावर वाकतो तो हाच. रोज सकाळी तोच सांधा सुजलेला असताना स्टार्टचा सराव करायचा म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

एक प्रकरण मात्र सोडता येत नाही, कारण ते तुमच्या घराशी संबंधित आहे. २०१० मध्ये शांघायच्या शर्यतीनंतर तिच्या नमुन्यात ऑक्सिकोडोन सापडलं. दाताच्या दुखण्यासाठी घेतलेली वेदनाशामक गोळी, आणि ती नोंदवायची राहिली. वेग वाढवणारं औषध नव्हे, तरी सहा महिने बंदी. नियम साधा आहे: तुमच्या अंगात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही, कुणी दिलं हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलगी खोकते म्हणून शेजारच्या मेडिकलमधून बाटली आणणारे वडील आणि ‘ही पावडर घे, सगळे घेतात’ म्हणणारे जिममधले दादा मी फार पाहिलेत. राज्य पातळीला पोचण्याच्या आधीपासूनच सवय लावा: कुठलंही औषध द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं की ही धावपटू आहे, आणि चिठ्ठी जपून ठेवायची.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर लिहायला बसले तो.

२०१२ मध्ये किंग्स्टनला ती १०.७० धावली, पंचविसाव्या वर्षी. मग २०१३ मध्ये १०.७१. पुढची कित्येक वर्षं हा आकडा हलला नाही, आणि कुणालाही वाटलं असतं की हीच तिची मर्यादा. ७ ऑगस्ट २०१७ ला तिचा मुलगा झायन जन्मला, सिझेरियन करून. आदल्याच दिवशी लंडनमध्ये जागतिक स्पर्धेची शंभर मीटरची फायनल तिच्याशिवाय झाली होती. सिझेरियन म्हणजे पोटाची भिंत कापलेली. ब्लॉकमधून उसळताना पाय ढकलतात, पण ती ताकद पुढे नेतं ते पोट आणि कंबर; मध्ये दोरी सैल असली तर धनुष्य कितीही ताणा, बाण जात नाही. मला स्वतःला मुलगी झाली तेव्हा मी सव्वा महिन्यानंतर मैदानात जाऊन उभी राहिले होते, नुसती उभी, आणि दोन फेऱ्या जॉगिंग करून घरी येऊन रडले होते. परत धावले नाही. तेव्हा घरचे म्हणाले, आता काय धावायचं, आणि मलाही ते पटलं. म्हणून २०१८ मध्ये ती पुन्हा अकराच्या आत आली तेव्हा मी ते टायमिंग वहीत लिहून ठेवलं.

दोहा २०१९: १०.७१, वय ३२, चौथं जगज्जेतेपद, आणि विजयाच्या फेरीत कडेवर झायन. १९९५ मध्ये ग्वेन टॉरेन्सने जिंकल्यानंतर आई झालेल्या बाईने ही शर्यत जिंकण्याची पहिली वेळ.

आणि मग २०२१. जूनमध्ये किंग्स्टनला १०.६३. ऑगस्टअखेर लोझानला १०.६०. नऊ वर्षं न हललेला आकडा चौतिसाव्या वर्षी एक दशांशाने खाली. २०२२ मध्ये तर एका हंगामात सात वेळा १०.७० च्या आत, आणि यूजीनला १०.६७ मध्ये पाचवं जगज्जेतेपद, वय ३५.

कसं? नवे स्पाइक्स आले होते, तळव्यात कडक पट्टी आणि उसळणारा फोम असलेले. त्यांचा वाटा आहे, नाही म्हणणारा खोटं बोलतोय. २०२० च्या शेवटी तिने इतक्या वर्षांचे प्रशिक्षक सोडून रेनाल्डो वॉलकॉट यांच्याकडे सराव सुरू केला होता. इलेन थॉम्पसन-हेरा आणि शेरिका जॅक्सन या दोघी तिच्याच देशातल्या, टोकियो ऑलिम्पिकला शंभर मीटरची तिन्ही पदकं या तिघींनीच घेतली. घरातच अशा दोघी असल्या की आळसाला जागा नसते. पण आता २०२२ ची शर्यत बर्लिनच्या शर्यतीशेजारी लावून बघा. मी दोन मोबाइल शेजारी ठेवून मुलींना दाखवते. स्टार्ट तशीच. फरक साठ मीटरच्या पुढे आहे. बर्लिनमध्ये तिचे खांदे वर येतात, मान ताठते, पावलं घाईची होतात. यूजीनला साठच्या पुढेही हनुवटी तिथेच, गालांचे स्नायू सैल, जबडा हलतोय, मांडी तितकीच वर येतेय. शंभर मीटरमध्ये शेवटी कुणीच वेग वाढवत नाही, सगळ्या मंदावतात. जी सगळ्यात कमी मंदावते ती पुढे जातेय असं आपल्याला दिसतं. तरुणपणी ती लवकर पोचायची. नंतर ती उशिरा मंदावू लागली. दोनशे मीटरचंही बघा, २०१२ मध्ये २२.०९ होतं, २०२१ मध्ये २१.७९. स्टार्टची राणी म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना त्यातच उत्तर मिळालं.

माझं वाचन असं, आणि कुणाला पटलं नाही तरी चालेल: हा दुसरा भाग शिकायला वेळ मिळतो तो ज्याच्या मांड्यांचे मागचे स्नायू सतराव्या वर्षीच तीनदा फाटलेले नसतात त्यालाच. ११.३१ वर विसाव्या वर्षी असलेल्या मुलीला कुणी ‘उशीर झाला’ म्हटलं नाही. आपल्याकडे चौदा वर्षांखालील गटात राज्य जिंकलेल्या मुली मोजा आणि त्यांतल्या किती वीस वर्षांच्या होईपर्यंत ट्रॅकवर टिकल्या ते मोजा. यात माझाही हात आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी होती, तुमच्या मुलीसारखीच ठेंगणी आणि चपळ. तिला मी विभागीय स्पर्धेच्या आधी महिनाभर दर दोन दिवसांनी पूर्ण वेगात शंभर धावायला लावलं, घड्याळ हातात घेऊन, कारण मला पदक हवं होतं. पदक आलं. नडगीचं दुखणं पण आलं, आणि दहावीला ग्रेस गुण मिळाल्यावर तिने मैदान सोडलं. परवा बाजारात भेटली, मुलाला घेऊन. छान बोलली. मीच नीट बोलू शकले नाही.

शेवट सुंदर नव्हता, तोही सांगायला हवा. २०२३ मध्ये गुडघ्याचं दुखणं घेऊन बुडापेस्टला कांस्य. त्याच वर्षी मुलाच्या शाळेत पालकांच्या शर्यतीत ती इतर आयांना मैदानभर मागे टाकून धावली तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, मला तो तिच्या सुवर्णांइतकाच आवडतो. २०२४ पॅरिसला सेमीफायनलच्या आधी माघार. आणि २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, अडतिसाव्या वर्षी, फायनलमध्ये सहावी, ११.०३. ज्या वयात आपण जिना चढून दम खातो त्या वयात जगातली सहावी. मग रिलेत पहिला टप्पा धावून रौप्य, आणि थांबली.

आता तुमच्या मुलीचं. हाताच्या घड्याळातल्या १३.३ मध्ये साधारण पाव सेकंद मिळवा, म्हणजे खरं १३.५ च्या पुढे. पंधराव्या वर्षी ते ठीक आहे, पण त्यावरून काही ठरत नाही. १५०० कडे वळवू नका, पण शेली-ॲनचं ट्रेनिंगही शोधत बसू नका. ते तयार शरीराचं ट्रेनिंग आहे. आठवड्यातून दोनच दिवस पूर्ण वेग, तोही तीस-चाळीस मीटर, प्रत्येक वेळी मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती. मुली कंटाळतात, विश्रांती गाळतात, तिथे तुम्ही उभं राहा. एक दिवस चढावर धावणं, गावाबाहेर टेकडी असेल तर उत्तम. एक दिवस उड्या, दोरी, मेडिसिन बॉल नसला तर वाळूची पिशवी. आणि एक दिवस साठ-ऐंशी मीटर, पण सत्तर-ऐंशी टक्के वेगात, चेहरा आणि खांदे सैल ठेवून. हा दिवस सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. त्या वेळी घड्याळ घरी ठेवा. हातात कुरकुरीत बिस्किट आहे, ते न मोडता धावायचं, असं मी लहान मुलींना सांगते; मुठी आपोआप सुटतात आणि खांदे खाली येतात. पाळीच्या तारखा ती आईजवळ लिहून ठेवेल असं बघा, आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. दमते म्हणून आळशी ठरवलेल्या निम्म्या मुलींचं मला तिथेच सापडलंय.

स्पाइक्स आत्ता नकोत. तुमचं मैदान मातीचं आहे, मुलीचा पाय अजून वाढतोय, आणि कडक तळव्यामुळे पोटरीवर ताण येतो. पुढच्या वर्षी विभागीय स्पर्धा सिंथेटिकवर असेल तर दीड महिना आधी घ्या, साधे घ्या, बोटं दाबणार नाहीत असे, आणि पहिले दोन आठवडे फक्त ड्रिल्सना घालू द्या. दुकानदार एक नंबर मोठा देईल, पुढच्या वर्षी चालेल म्हणून. घेऊ नका.